डेली, मंथली आणि आबांची कवळी

माझा तिसरा चष्मा मंगळवार पेठेतल्या आमच्या गल्लीत, दोन विटांच्या गोलपोस्टमध्ये, एका शनिवारी संध्याकाळी कामी आला. लढाईत माणसं कामी येतात, तसा. बॉल थेट तोंडावर आला. हात वर करायला वेळ होता, पण तो येतोय हेच मला कळलं नव्हतं, कारण काचांवर घामाची वाफ धरली होती. गोल वाचला. पोरांनी मला खांद्यावर घेतलं, "ढापण्या, नाद खुळा!" म्हणून गल्ली दणाणून सोडली, आणि मी खांद्यावर बसल्या बसल्या खाली वाकून काड्या शोधत होतो.

घरी गेल्यावर गोल वाचला का, हे कुणीही विचारलं नाही.

मी तेव्हा आठवीत होतो, वय तेरा. उजवा डोळा उणे सव्वातीन, डावा उणे पावणेतीन. म्हणजे चष्मा काढला की फूटभराच्या पुढचं सगळं जग धुक्यातल्या पन्हाळ्यासारखं दिसायचं. असल्या पोरानं गोलकीपर का व्हावं, हा प्रश्न बाहेरगावचे लोक विचारतात. कोल्हापुरात तो पडत नाही. इथं पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा अशा तालमी आहेत, त्या नावाला तालमी, पण निम्मं शहर त्यांना फुटबॉलच्या संघांमुळं ओळखतं. शाहू स्टेडियमवर पेठांची मॅच असली की घरात भाऊ भावाशी बोलत नाही. पेठेत जन्मला तो खेळणारच, आणि ज्याला पळता येत नाही त्याला गोलात उभा करतात, एवढं साधं गणित आहे.

पप्पांनी फेविक्विकनं चष्मा जोडला आणि वरनं मम्मीनं काळा दोरा गुंडाळला. दृष्ट लागू नये म्हणून बांधल्यासारखा तो दिसत होता. ताई तेव्हा बारावीला होती. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "त्यापेक्षा लेन्स घे की."

डोळ्यात बोट घालून दाखवणं हा आमच्या घराचा पिढीजात उद्योग. पण खरोखरचं बोट खरोखरच्या डोळ्यात घालायची कल्पना निघाल्यावर सगळे गप्प झाले. पहिली आज्जी सावरली. "बया! डोळ्यात काच घालायची? आनि फुटली मंजे?"

"काच नसते आज्जी. मऊ असते, पाण्यानं भिजलेली," ताई म्हणाली, आणि तिनं कुठंतरी वाचलेली गोष्ट सांगितली. १९६१ च्या नाताळात ओटो विख्टर्ले नावाच्या चेक शास्त्रज्ञानं ही मऊ लेन्स चक्क घरातल्या टेबलावर बनवली. यंत्र कसलं, तर पोरांच्या खेळण्यातल्या पट्ट्या-चाकं जोडून केलेलं, आणि फिरवायला सायकलचा डायनॅमो. मला तो माणूस फार आवडला. पप्पांनी "घरच्या घरी?" एवढंच विचारलं, पण त्यांच्या मनात काय आलं ते मम्मीला कळलं असावं, कारण ती लगेच म्हणाली, "माझ्या स्वयंपाकघरात असलं काही चालणार नाही."

आबा आतापर्यंत गप्प होते. आबा जुने पैलवान. लाल मातीत आयुष्य गेलेलं. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. ते सावकाश म्हणाले, "त्यात काय भ्यायचं? माझ्या डोळ्यात हाय की लेन्स. दोन्हीत हाय."

खरंच होतं ते. ऑपरेशनमध्ये आतलं गढूळ भिंग काढून नवीन बसवतात. त्याचं एक कार्ड दवाखान्यानं दिलेलं, लेन्सचा नंबर चिकटवलेलं. आबा ते पाकिटात देवाच्या फोटोमागं ठेवायचे आणि पाहुणा आला की काढून दाखवायचे. गाडीचं आरसी बुक दाखवावं तसं.

तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी त्या हनुवटी टेकवायच्या यंत्रातनं डोळे बघितले, बुबुळ निरोगी आहे म्हणाले. मम्मीनं विचारलं, "तेराच वर्षांचा आहे, चालेल का?"

"वयाचं काही नाही," डॉक्टर म्हणाले. "लेन्स वय बघत नाही, हात बघते."

मग त्यांनी माझे हात बघितले. मीही बघितले. नखांच्या कडांना गल्लीची माती होती आणि उजव्या तळहातावर कालचा मराठीचा गृहपाठ.

"रात्री दात घासतो का? न सांगता?"

हा प्रश्न त्यांनी मम्मीला विचारला होता. आई म्हणून तिनं हो म्हणायला काय हरकत होती? पण तिच्या डोळ्यांपुढं माझा शाळेचा डबा उभा राहिला असणार. त्याच दिवाळीच्या सुट्टीआधी मी शेपूची भाजी न खाता डबा दप्तरात ठेवला आणि सुट्टी संपल्यावर उघडला. आत जे काही उगवलं होतं, त्याला लोकर होती. तो डबा मम्मीनं धुतला नाही, रद्दीवाल्यालाही दिला नाही, चिमट्यानं उचलून थेट कोंडाळ्यात टाकला. तेव्हापासून घरात माझ्याबद्दल कसलाही निर्णय घ्यायचा झाला की 'डबा' एवढा एकच शब्द उच्चारला जायचा. डॉक्टरांसमोर तो पुन्हा निघाला, साद्यंत. डॉक्टर हसले नाहीत, याचं मला जास्त वाईट वाटलं. त्यांनी कागदावर नंबर लिहून दिला आणि म्हणाले, "डेली घ्यायची की मंथली, ते या डब्यावरनंच ठरवा."

राजारामपुरीतल्या चष्म्याच्या दुकानात ज्या मॅडम होत्या, त्यांनी मात्र आम्हाला इस्कटून सांगितलं. डेली म्हणजे सकाळी पाकीट फोडायचं, घालायची, रात्री काढायची, टाकून द्यायची. डबी नाही, औषध नाही, काही नाही. उद्या नवीन.

"टाकून द्यायची?" पप्पांनी विचारलं. ते पतसंस्थेत वसुलीला होते. टाकून देणं हे क्रियापद त्यांच्या खात्यात नव्हतं.

मंथली म्हणजे तीच जोडी महिनाभर. पण रोज रात्री काढून तळहातावर घ्यायची, वर सोल्युशन टाकून बोटानं हलकी चोळायची, धुवायची, आणि डबीत ताज्या सोल्युशनात बुडवून ठेवायची. कालच्या सोल्युशनात आजचं ओतायचं नाही. डबी सकाळी रिकामी करायची, सोल्युशननंच खंगाळायची, उपडी वाळत ठेवायची. तीन महिन्यांनी डबीच बदलायची. आणि या सगळ्यात पाणी कुठंही लागता कामा नये.

"आमच्याकडं फिल्टर आहे," मम्मी म्हणाली.

"फिल्टरचंही नाही."

"उकळून गार केलं तर?"

"तरीही नाही." पाण्यात अकँथमिबा नावाचा एक अमिबा असतो, तो लेन्सला चिकटून बुबुळापर्यंत गेला तर डोळा गमवायची वेळ येते, असं मॅडमनी सांगितलं. आमच्या पुस्तकातला अमिबा बिचारा निरुपद्रवी होता, आकृती काढायला सोपी म्हणून आवडता. कशीही काढली तरी बरोबर यायची. त्याच्या भाऊबंदात असा कुणी निघेल असं वाटलं नव्हतं. लेन्स घालून पंचगंगेत सूर मारायचा नाही, अंघोळ करायची नाही, झोपायचं नाही. (घरी आल्यावर आज्जीनं हळूच विचारलं, "गंगाजल चालंल का?" तेही चालत नव्हतं. आबांचा सल्ला थुंकी लावायचा होता. तो मी मॅडमना कळवलाच नाही.)

मग आला पैशाचा विषय. पप्पांनी डेलीचा एक डबा उचलून मागची चिठ्ठी वाचली. "यात तीस आहेत. म्हणजे एक महिना. दीड हजार. ठीक आहे, जड आहे, पण ठीक आहे."

"एका डोळ्याचा," मॅडम म्हणाल्या.

पप्पांनी माझ्याकडं पाहिलं. मला दोन डोळे आहेत याचं दुःख त्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच पाहिलं. "मग असं करू," ते म्हणाले, "एकच डबा घेऊ. पंधरा दिवस दोन्ही डोळे."

"दोन्हीचा नंबर वेगळा आहे ना सर. उजव्याचा डबा डाव्याला चालणार नाही."

त्या अर्ध्या नंबराचा राग पप्पांनी पुढं कित्येक महिने धरला. माझ्या मार्कांबद्दल बोलताना सुद्धा ते मध्येच म्हणायचे, "आणि डोळे तर बघा, दोन धड एकासारखा एक नाहीत."

मॅडमचा नियम असा की स्वतःच्या हातानं घालता आणि काढता आल्याशिवाय लेन्स घरी न्यायची नाही. चाचणीची एक मंथली जोडी त्यांनी काढली. ती बोटावर ठेवून उजेडात धरायची. कडा वाटीसारख्या सरळ वर गेल्या तर बरोबर, ताटलीसारख्या बाहेर पसरल्या तर उलटी झालेली. मग डाव्या हाताच्या बोटानं वरची पापणी घट्ट धरायची, उजव्याच्या मधल्या बोटानं खालची ओढायची, आणि तर्जनीवरची लेन्स शांतपणे बुबुळावर टेकवायची. 'शांतपणे' हा मॅडमचा शब्द.

कोल्हापूरच्या माणसाला अंबाबाईचा किरणोत्सव माहीत असतो. जानेवारीच्या शेवटी आणि नोव्हेंबरात मावळतीची किरणं महाद्वारातनं आत येतात आणि पहिल्या दिवशी देवीच्या चरणांशी, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत आणि तिसऱ्या दिवशी मुखावर पोचतात. मधे ढग आले, धूळ आली, की हुकलं. माझ्या लेन्सचं अगदी तसंच झालं. पहिल्या दिवशी ती गालापर्यंत आली. दुसऱ्या दिवशी पापणीच्या केसांवर. डोळा मिटायचा नाही असं मी ठरवायचो आणि डोळा मिटायचा; तो माझा राहिलाच नव्हता. बोट जवळ आलं की माझं डोकं मागं जायचं, आणि मागं उभ्या असलेल्या पप्पांच्या पोटावर आपटायचं. ते तिथं त्यासाठीच उभे होते. तिसऱ्या दिवशी, पावणेसातच्या सुमाराला, ती बसली. मी डोळा मिचकावला आणि समोरच्या भिंतीवरच्या तक्त्यातली सगळ्यात खालची, मुंगीएवढी ओळ वाचून दाखवली. मम्मीनं नकळत हात जोडले. मागं रांगेत चष्म्याच्या स्क्रूसाठी थांबलेल्या एका आजोबांनीही जोडले.

काढायला मात्र आणखी पाऊण तास लागला. वर बघायचं, लेन्स खाली पांढऱ्यावर सरकवायची, आणि बोटांच्या पेरांनी चिमटीत धरायची, नखांनी नाही. मधेच ती गायब झाली आणि मी किंचाळलो, "मागं गेली! मेंदूत गेली!" मॅडम म्हणाल्या, मागं जायला वाटच नाही, डोळ्यावरचा पातळ पडदा पापणीत वळून बंद होतो, पिशवीच्या तळासारखा. लेन्स माझ्या शर्टाच्या खिशावर सापडली.

चाचणीचा आठवडा सुरू झाला. आमच्या मोरीतल्या फळीवर आबांची वाटी असायची. रात्री कवळी काढून ते त्या वाटीत पाण्यात ठेवत. आता तिच्या शेजारी माझी लेन्सची डबी आली. रात्री दहाला आम्ही दोघं फळीसमोर उभे राहून एकापाठोपाठ एक आपापले अवयव काढून ठेवायचो. आबांना ही सोबत फार आवडली. इतकी वर्षं ते एकटेच होते त्या कामाला. "बघ गा," ते बिनदातांनी म्हणायचे, "मानसानं रात्री मोकळं हून झोपावं." आणि त्या एका जोरावर त्यांनी घरात मंथलीची बाजू घेतली. वास्तविक आबांच्या अंगात दोन्ही पंथ नांदत होते, तोंडात रोज काढायचं आणि डोळ्यात जन्माचं. म्हणून त्यांचं मत सगळ्यात जाणकार समजलं जात होतं.

एकदा त्यांनी माझ्या बोटावरची लेन्स बराच वेळ निरखली. "माझ्या आत अशीच हाय व्हय?"

"तुमची लहान असते आबा. आणि आत शिवल्यासारखी... म्हणजे आतच बसवलेली." मला तरी कुठं नीट माहीत होतं.

"मी कवा बघितलीच न्हाई. घातली तवा डोळा झाकलेला." मग म्हणाले, "ठिवून बघू काय एक?" मी नाही म्हणालो. सोल्युशन महाग होतं आणि आबांच्या बोटाला तंबाखूचा वास होता.

आठवड्यातल्या चौथ्या दिवशी मंथलीचा पाडाव झाला. टीव्हीवर उशिरापर्यंत मॅच बघून मी झोपेत मोरीत गेलो, लेन्स काढल्या, डबीत ठेवल्या, झाकण लावलं आणि झोपलो. सोल्युशन घातलंच नव्हतं. सकाळी डबीत दोन पापुद्रे होते, कडक, वळलेले, उन्हाळ्यात गच्चीवर कुरडया घातल्यावर खाली कपड्यावर जे तुकडे उरतात तसे. एक हातात घेतली तर कट् करून मोडली. मी बाटली शोधायला गेलो, तर कालपर्यंत भरलेली बाटली अर्धी. आबा आरशासमोर उभे होते आणि स्वतःकडंच बघून हसत होते.

"तुझं ते औषध लई भारी हाय," ते म्हणाले. "कवळी बघ कशी निघालीया. नव्यागत."

मम्मीनं एकच शब्द उच्चारला. "डबा."

त्या रात्री पप्पा पतसंस्थेची जुनी डायरी घेऊन बसले. मला वाटलं आता चष्मा आणि काळा दोरा हेच नशीब. पण पप्पा हिशेबाला प्रामाणिक माणूस. त्यांनी विचारलं, "लेन्स तुला रोज पाहिजे का?" शाळेत चष्मा चालतच होता. लेन्स हवी होती ती फक्त शनिवार-रविवारच्या खेळाला. म्हणजे महिन्यात आठ दिवस. आमच्या दुकानातल्या तेव्हाच्या दरानं डेलीचे दोन डबे तीन हजार, तीस दिवस, म्हणजे दिवसाला शंभर. आठ दिवसांचे आठशे. मंथलीची जोडी सहाशे, सोल्युशन अडीचशे, एकूण साडेआठशे, मग ती आठ दिवस घाला नाहीतर तीस दिवस, पाकीट फुटलं की महिना चालू.

"हे केएमटी बसच्या पासासारखं आहे," पप्पांनी पेन्सिल कानावर ठेवत निकाल दिला. "रोज जाणाऱ्यानं पास काढावा. आठवड्यातनं दोनदा जाणाऱ्यानं तिकीट." पन्नास रुपये वाचले होते. कुणी आवर्जून सांगितलं नाही, पण सगळ्यांच्या मनात हेही होतं की तिकीट हरवलं तर एका फेरीचं जातं, पास हरवला तर महिन्याचा.

तर डेली. पण महिन्याला आठच. पप्पांनी वहीत खातं उघडलं, नावे-जमा असं रीतसर. मामाच्या लग्नात घालायला एक जादा जोडी पाहिजे होती तेव्हा अर्ज द्यावा लागला. कारण, तारीख, आणि जामीनदार म्हणून ताईची सही. मंजूर झाला, पण पुढच्या महिन्यात सातच मिळाल्या.

या निर्णयानं एकाच माणसाचा जीव खालीवर झाला, तो आज्जीचा. आज्जीच्या राज्यात दुधाच्या पिशव्या धुवून दोरीवर वाळत, श्रीखंडाच्या डब्यात मोहरी, आहेराच्या पिशव्यांत आहेराच्या पिशव्या. अशा घरात दर शनिवारी रात्री मी पन्नास-पन्नास रुपयांच्या दोन गोष्टी, एकदाच वापरलेल्या, धडधाकट, कचऱ्याच्या बादलीत टाकायचो. "फाटली काय?" ती दर वेळी विचारायची. नाही म्हटलं की पदर डोळ्याला लावायची.

पहिल्या मॅचला आबा येऊन कट्ट्यावर बसले. आणि मला जन्मात पहिल्यांदा मैदान दिसलं. पलीकडचा गोलकीपर दिसला, त्याच्या मोज्याचं भोक दिसलं, नजरेच्या कडेनं पळत येणारा पोरगा दिसला; चष्म्यात ही कड नसतेच, फ्रेमबाहेरचं जग नुसतं वाहत असतं. मी हरखलो. मग बॉल दिसला. तो लांबून, सगळा, फिरत, मोठा होत होत माझ्याकडं येताना दिसला, आणि मला पहिल्यांदाच कळलं की हे काय असतं. मी बाजूला झालो.

तीन गोल झाले. घरी येताना आबा म्हणाले, "दिसत न्हवतं तवर बरा आडवत हुतास." पुढं सवय झाली, भीती गेली, पण हे वाक्य गल्लीत माझ्या लग्नापर्यंत टिकलं.

डेलीचा खरा कस लागला तो एप्रिलात, चटणीच्या दिवशी. बाहेरच्यांसाठी सांगतो, कोल्हापुरात चटणी म्हणजे ताटात डावीकडं वाढतात ती नव्हे. चटणी म्हणजे वर्षभराचा कांदा-लसूण मसाला, जो आमटीपासून अंड्यापर्यंत सगळ्यात पडतो. ब्याडगी रंगाला, संकेश्वरी चवीला, लवंगी जिवावर उठायला. कांडपाला नेण्याआधी घरात मिरच्या वाळवून देठं खुडायची असतात, आणि हे काम ज्याला सुट्टी असेल त्याचं. मी सकाळभर देठं खुडली. मग मॅचची वेळ झाली. मी साबणानं दोनदा हात धुतले, डॉक्टरांनी बघितले असते तर पेढे वाटले असते. मिरचीचा जाळ पाण्याला भीत नाही, हे मला माहीत नव्हतं. डाव्या डोळ्यात लेन्स टेकवली.

जे झालं त्याला आग म्हणणं म्हणजे तांबड्या रश्श्याला वरण म्हणण्यासारखं आहे. मी उभ्या जागी दोन उड्या मारल्या. लेन्स काढायला पाहिजे होती. पण काढायची कशानं? ज्या बोटांनी हे केलं होतं त्याच बोटांनी? ताई धावत आली, तिचे हात लवंगीत. मम्मी आली, तिचे हात कोपरापर्यंत भाजलेल्या खोबऱ्यात आणि तिखटात. आज्जी तर मिरच्यांच्या ढिगातच बसलेली. अख्ख्या घरात तिखट न लागलेले हात दोनच होते, आणि ते आतल्या खोलीत व्याज काढत होते.

पप्पा आले. त्यांनी साबणानं हात धुतले, कोरडे केले (दुकानात माझ्यामागं तीन दिवस उभे राहून त्यांचं शिक्षण माझ्यापेक्षा पक्कं झालं होतं), माझं डोकं काखेत धरलं आणि म्हणाले, "वर बघ." आयुष्यभर त्यांनी लोकांच्या दारात जाऊन वसुली केली होती, ट्रॅक्टर ओढून आणले होते. पण एवढी विनवणी करून, एवढ्या हलक्या हातानं केलेली वसुली तीच असेल. लेन्स चिमटीत आली. ती त्यांनी मोरीतनं वाहून जाऊ दिली आणि माझ्या डोळ्यावर तांब्यामागून तांब्या पाणी ओतत राहिले. अर्ध्या तासानं माझं रडणं थांबल्यावर म्हणाले, "मंथली असती तर तीनशेला बसली असती. पन्नासात भागलं." हे सांगताना ते जवळजवळ आनंदी होते. त्या दिवशी मी काळ्या दोऱ्याच्या चष्म्यावर खेळलो. एकही गोल खाल्ला नाही.

डबे जवळजवळ चार महिने पुरले. मग एका रात्री पप्पांनी वही काढली, नवीन डबे आणायची गोष्ट निघाली, आणि आज्जी उठून देवघराकडं गेली. येताना तिच्या हातात कापराची रिकामी डबी होती.

"नवीन कशाला?" ती म्हणाली. "ह्या हायत की. एकेकदाच घातल्यात."

तिनं झाकण काढलं. आत माझ्या सगळ्या लेन्सा होत्या. दर शनिवारी, दर रविवारी, मी झोपल्यावर तिनं बादलीतनं वेचून घेतलेल्या, पुसलेल्या, वाळवलेल्या. वाळून सगळ्यांचे पापुद्रे झालेले, वर कापराचा वास. कुणी हसलं नाही. ताईनं समजवायचा प्रयत्न केला की वाळलेली लेन्स पुन्हा भिजवून डोळ्यात घालत नाहीत. आज्जी म्हणाली, "डोळ्यात नगं तर नगं. कशाला तरी हुतील."

पप्पांनी त्या मोजल्या. मोजणारच. दोन डब्यांच्या साठ पाहिजेत, भरल्या अठ्ठावन्न. एक चटणीच्या दिवशी त्यांच्याच हातानं गेली होती, ती त्यांनी वहीत लिहिली. दुसरी? त्यांनी मला विचारलं, आज्जीला विचारलं, बादलीखाली बघितलं. आबा रात्रीचे साडेनऊच वाजले असताना कवळी काढायला म्हणून उठून मोरीकडं गेले.

मला ती पुढं वर्षभरानं दिसली. आबांच्या पाकिटातनं केएमटीसाठी सुट्टे पैसे काढताना, देवाच्या फोटोमागं, ऑपरेशनच्या कार्डाच्या घडीत. कुरडईच्या तुकड्यासारखी, काळजीनं ठेवलेली. मी घडी होती तशी घातली. पप्पांच्या वहीत त्या पानावर अजून लिहिलेलं आहे: येणे बाकी, लेन्स, उजवी, नग एक.